पाचवे प्रकरण कुठे आहे? अभिजात मराठी ग्रंथांच्या पूर्ण संहितेचा शोध

जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ साली लिहून पुरा केला. तो कुठे कुठे वाचून दाखवला याची नोंद त्यांनी ग्रंथातच करून ठेवली आहे. पुणे, मुंबई, ठाणे, हडपसर, वंगणी या नावांबरोबर तिथे आमच्या बाजूची दोन नावे येतात : जुन्नर आणि ओतूर. बडोद्याला सयाजीराव गायकवाडांनी त्यांना बोलावून घेतले आणि तो ऐकला, हेही तिथेच आहे. थोडक्यात, मुंबईतल्या वाचकाला हे पुस्तक धड छापील मिळत नव्हते, त्या काळात जुन्नर-ओतूरच्या शेतकऱ्यांनी ते लेखकाच्या तोंडून ऐकले होते.

छापील का मिळत नव्हते, ती हकीकत अभ्यासकांना माहीत आहे. सामान्य वाचकाला ती फारशी ठाऊक नसते. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या ‘दीनबंधु’ पत्रात ‘असूडा’ची पहिली दोन प्रकरणे आली आणि तिसऱ्यापासून छपाई थांबली. जोतीराव संतापले. लोखंडे हे त्यांचेच सहकारी, सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते, आणि वर्षभरातच मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभी करणारे गृहस्थ. तरीही त्यांना भित्रा म्हणायला जोतीरावांनी कमी केले नाही. मला लोखंड्यांची बाजू अगदीच टाकाऊ वाटत नाही. देशी वृत्तपत्रांवरचा १८७८चा कायदा १८८२ साली रद्द झाला होता खरा, पण १८७० साली दंडसंहितेत घातलेले राजद्रोहाचे कलम जागेवरच होते. दंड भरायची ऐपत नसलेल्या पत्राच्या चालकाला रात्री झोप लागत नसेल तर त्याला दोष काय द्यायचा? पण परिणाम व्हायचा तो झालाच. पाच प्रकरणांच्या पुस्तकातली दोन लोकांसमोर गेली, तीन हस्तलिखितात राहिली.

या तीन प्रकरणांत काय होते ते पाहिले म्हणजे नुकसानीचा अंदाज येतो. पहिल्या प्रकरणात धर्माच्या नावाने शेतकऱ्याची जन्मापासून मरणापर्यंत होणारी लूट आहे. दुसऱ्यात गोऱ्या अधिकाऱ्यांची गाफिली आणि त्यांच्या हाताखालच्या कारकुनांची करणी. तिसऱ्यात इतिहास. चौथ्यात शेतकऱ्याच्या घराचे, शेताचे, कर्जाचे आणि सारावाढीचे असे चित्रण आहे, की एकोणिसाव्या शतकातल्या खेड्याच्या घरात शिरायचे असेल तर मी आधी ते वाचायला सांगेन. आणि पाचव्यात उपाय : डोंगरउतारावर ताली आणि बंधारे घाला, पाणी जागच्या जागी मुरू द्या, माती वाहून जाऊ देऊ नका, फौजेतल्या आणि पोलिसांतल्या रिकाम्या हातांना या कामाला लावा, जनावरांची जात सुधारा, शेतीची प्रदर्शने भरवा, शेतकऱ्याच्या मुलांना शिकवा. पहिली दोनच प्रकरणे वाचणाऱ्याच्या हाती फक्त फिर्याद लागते. ताली-बंधाऱ्यांचा जोतीराव पाचव्या प्रकरणात आहे.

मी राहतो त्या शिनोलीहून डिंभे धरण जवळ आहे. घोड नदी अडवून केलेल्या या जलाशयाखाली जुने आंबेगाव गेले. तालुक्याला नाव देणारे गाव पाण्यात आणि नाव तेवढे कागदोपत्री शिल्लक, असा आमचा तालुका. इथल्या पाण्याच्या वाटपावर भांडणारी माणसे ‘असूडा’चे नाव भाषणात घेतात. त्यांच्यापैकी कितींनी पाचवे प्रकरण वाचले आहे, हा प्रश्न मला अनेक वर्षे सतावतो. वाचले नसेल तर त्यात त्यांचा दोष थोडा आहे. त्यांच्या फोनवर जे पुस्तक आले आहे, त्यात ते असेलच अशी खात्री नाही.

माझ्या स्वतःच्या फोनवर गेल्या काही वर्षांत ‘शेतकऱ्याचा असूड’ या नावाच्या चार वेगवेगळ्या फायली आल्या. एक निघाली विद्यार्थ्यांसाठी केलेला सारांश. मुखपृष्ठावर लेखक म्हणून महात्मा फुले, सारांश कोणी केला त्याचा पत्ता नाही. दुसरीत मजकूर पूर्ण वाटत होता, पण तळटिपा सगळ्या उडवल्या होत्या. जोतीरावांच्या तळटिपा म्हणजे शोभेची झालर नव्हे. पुष्कळदा मुख्य मजकुरात एक टोला आणि खाली त्याचा पुरावा, अशी त्यांची रीत आहे. तिसरी फाईल हिंदी अनुवादाची होती. चौथी एका छापील प्रतीची छायाचित्रे होती आणि मधली आठ पाने नव्हती. चारही फायलींचे नाव एकच. पाठवणाऱ्यांचा हेतूही एकच आणि चांगला.

पूर्ण ‘असूड’ आज फुकट मिळतो, आणि तोही सरकारकडून. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची स्थापना १९६० साली झाली. मंडळाने १९६९ साली धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांच्या संपादनाखाली ‘महात्मा फुले समग्र वाङ्मय’ काढले. त्यामुळे ‘असूडा’ची पाचही प्रकरणे, टिपांसह, सामान्य वाचकाला परवडेल अशा किमतीत घरात आली. आता त्या ग्रंथाची पीडीएफ प्रतही मिळते. मराठी विकिस्रोतावर ‘असूडा’चा टंकित मजकूर आहे. तेव्हा हरवलेले पुस्तक सापडत नाही, असा प्रकार इथे नाही. पूर्ण प्रत जगासमोर ठेवलेली असताना अपुऱ्या प्रती तिच्यापुढे धावतात, हे आमचे दुखणे आहे.

असे का होते, याचे एक कारण अगदी क्षुल्लक वाटेल. ‘शेतकऱ्याचा’ या शब्दातला ‘ऱ्य’ संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एका तऱ्हेत ‘र’ला नुक्ता लावून पाय मोडतात, दुसऱ्या तऱ्हेत साध्या ‘र’चा पाय मोडून मध्ये एक न दिसणारे जोडचिन्ह घालतात. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात, पण यंत्राच्या लेखी ते दोन निराळे शब्द. एका तऱ्हेने शोधले तर दुसऱ्या तऱ्हेने नोंदलेले पुस्तक समोर येईलच असे नाही. त्यात ‘असूड’, ‘आसूड’, ‘आसुड’ असे तीन पाठ. शिवाय युनिकोड येण्यापूर्वी श्रीलिपीसारख्या टंकांत जुळवलेली पुस्तके पीडीएफ झाली तरी त्यांच्यातला मजकूर शोधयंत्राला वाचता येत नाही. त्याला ती निव्वळ निरर्थक अक्षरांची रास दिसते. सरकारी ग्रंथ बरेचसे या जातीचे. त्यामुळे नीट संपादित, पूर्ण, अधिकृत पुस्तक शोधात खाली राहते आणि कोणीतरी परवा टंकून टाकलेला सारांश वर येतो.

‘समग्र’ या शब्दावरही डोळे झाकून विसंबू नये. जोतीरावांनी १८५५ साली लिहिलेले ‘तृतीय रत्न’ हे नाटक त्यांच्या हयातीत छापले गेले नाही. ते पहिल्यांदा प्रसिद्ध झाले १९७९ साली, ‘पुरोगामी सत्यशोधक’ या नियतकालिकात. म्हणजे १९६९च्या ‘समग्र’मध्ये ते नाही. पुढे य. दि. फडके यांनी संपादित केलेली सुधारित आवृत्ती १९९१ साली निघाली. आज जुन्या ‘समग्र’ची चित्रप्रतही इंटरनेटवर फिरते आणि नव्याचीही. ज्याच्या हाती जुनी लागली, त्याच्या लेखी जोतीरावांनी नाटक लिहिलेच नाही. तेव्हा ‘समग्र’ उतरवून घेताना आधी आवृत्तीचे साल पाहावे, मग अनुक्रमणिका.

मालश्यांचे नाव आले म्हणून आणखी एक सांगतो. ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्रीपुरुष तुलना’ हा निबंध १८८२ साली पुण्याच्या श्रीशिवाजी छापखान्यात छापला गेला. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. पुढे जवळजवळ शतकभर तो विस्मरणात होता. १९७५ साली मालश्यांनी तो पुन्हा प्रसिद्ध केला आणि मग मराठीत व मराठीबाहेर त्यावर लिहिले जाऊ लागले. एका संपादकाच्या चिकाटीवर पूर्ण पुस्तक जगते ते असे. हा निबंध आकाराने लहान, म्हणून त्याला कात्री लावायचा मोह कोणाला झाला नाही, एवढे त्याचे नशीब.

मोठ्या पुस्तकांना मात्र कात्री लागतेच. कधी पोरांसाठी, कधी अभ्यासक्रमासाठी, कधी कागद महाग म्हणून. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून चार भागांत निघाली आणि पुढे तिची संक्षिप्त आवृत्तीही आली. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्या ‘करमणूक’मधून आठवड्याला थोड्या थोड्या येत. त्या पुस्तकरूपात जाडजूड झाल्या आणि शाळकरी वाचकांसाठी त्यांची रोडावलेली रूपेही निघाली. संक्षेपाला माझा तात्त्विक विरोध नाही. भा. रा. भागवतांनी जूल व्हर्न मराठीत आणला तो मुलांना पेलवेल असा करून आणला, आणि आमच्या पिढीने ‘समुद्र सैतान’ वाचला म्हणून व्हर्न कळला. भागवतांनी ते लपवले नाही. अडचण होते ती संक्षेप आपले नाव लपवतो तेव्हा. ‘स्मृतिचित्रे’ संक्षिप्त करताना पहिल्यांदा जाते ते काय? स्वयंपाकघरातली बोलाचाली, उसनवारी, प्रवासातली गाठोडी, सोवळ्याओवळ्याचे लहानसहान तंटे. थोडक्यात, ज्यासाठी आज इतिहासाचा अभ्यासक ते पुस्तक उघडतो तेच.

या सगळ्या प्रकरणातले सर्वांत बोलके उदाहरण मात्र विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’चे आहे. त्यावर थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे.

गोडसे भटजी पेणजवळच्या वरसईचे. घरची ओढाताण, डोक्यावर कर्ज. बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा चांगली मिळेल, असे कळले म्हणून ते १८५७ साली चुलत्याबरोबर उत्तरेला निघाले आणि थेट बंडाच्या वणव्यात सापडले. झाशीचा वेढा त्यांनी किल्ल्याच्या आतून पाहिला. लुटले गेले, पुन्हा जमवले, पुन्हा लुटले गेले, आणि अखेर गंगेची कावड घेऊन घरी परतले. पुढे पुष्कळ वर्षांनी, १८८३च्या सुमारास, चिंतामणराव वैद्य यांच्या आग्रहावरून त्यांनी ही हकीकत लिहून काढली. भटजी वैद्यांच्या घरचे उपाध्याय होते. वैद्यांनी ती लगेच छापली नाही. इंग्रज सरकारची भीती होतीच. भटजींच्या निधनानंतर १९०७ साली पुस्तक प्रसिद्ध झाले.

पण जे प्रसिद्ध झाले, ते भटजींनी लिहिलेले जसेच्या तसे नव्हते. वैद्य मोठे विद्वान, ग्वाल्हेर संस्थानात न्यायाधीशपद भूषवलेले. त्यांनी भटजींची भाषा सफाईदार केली, काही मजकूर गाळला, काही ठिकाणी हात फिरवला. त्या काळाच्या संपादनाच्या कल्पनेप्रमाणे यात त्यांना गैर वाटले नसावे. शिवाय १९०७ हे साल ध्यानात घ्या. लोकमान्यांवरचा दुसरा राजद्रोहाचा खटला अवघ्या वर्षावर आला होता. अशा वेळी १८५७च्या बंडाची डोळ्यांनी पाहिलेली हकीकत छापायची म्हणजे काही पाने झाकावी लागणारच. वैद्यांनी एक गोष्ट मात्र केली, तिच्याबद्दल त्यांचे सगळे माफ करायला मी तयार आहे. त्यांनी हस्तलिखित फाडले नाही, जाळले नाही. ते पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या स्वाधीन केले. दत्तो वामन पोतदार यांनी त्यावरून मूळ संहिता सिद्ध केली आणि ती १९६६ साली प्रसिद्ध झाली. पहिल्या छपाईनंतर एकोणसाठ वर्षांनी मराठी वाचकाला गोडसे भटजी स्वतःच्या भाषेत बोलताना ऐकू आले.

आता आजचा प्रश्न. फोनवर किंवा संगणकावर ‘माझा प्रवास’ शोधणाऱ्याला काय मिळते? बहुधा १९०७च्या वळणाचा पाठ. आणि यात कोणाचा कट नाही, हा कायद्याचा साधा हिशेब आहे. भारतीय प्रताधिकार कायदा १९५७चा. त्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षे हक्क राहत असे. १९९२च्या दुरुस्तीने ती मुदत साठ वर्षे झाली. रवींद्रनाथांच्या साहित्यावरचा हक्क संपत आला होता, त्या निमित्ताने ही वाढ झाली. मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या पहिल्या तारखेपासून मोजायचे. वैद्य वारले १९३८ साली, तेव्हा त्यांचे संस्करण कधीच मोकळे झाले आहे. ते कोणीही चढवावे, कोणीही छापावे. पोतदार वारले १९७९ साली. त्यांची प्रस्तावना, त्यांच्या टिपा यांवरचा हक्क २०३९ अखेरपर्यंत चालेल. म्हणजे हात फिरवलेले पुस्तक फुकट आणि हात न फिरवलेले विकत, तेही दुकानात असले तर.

हा काही मराठीचाच भोग नाही. जूल व्हर्नच्या ‘समुद्राखाली वीस हजार लीग्ज’ या कादंबरीचे इंग्रजी भाषांतर लुइस मर्सिये या पाद्र्याने १८७०च्या दशकात केले आणि जवळपास पाव भाग गाळला. शास्त्रीय तपशील कंटाळवाणा म्हणून, इंग्रजांवरची टीका झोंबते म्हणून. ते जुने, म्हणून हक्कमुक्त, म्हणून स्वस्त आवृत्त्यांतून आणि पुढे ई-पुस्तकांतून तेच जगभर पसरले. पिढ्यान्पिढ्या इंग्रजी वाचकांना वाटत राहिले की व्हर्न म्हणजे पोरांचा लेखक. अखेर एफ. पी. वॉल्टर या भाषांतरकाराने पूर्ण भाषांतर करून ते प्रोजेक्ट गुटेनबर्गला देऊन टाकले, तेव्हा फुकट आणि पूर्ण या दोन गोष्टी एकत्र आल्या. ड्यूमाच्या ‘काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो’चे तसेच. १८४६चे सोवळे भाषांतर दीडशे वर्षे चालले, आणि गाळलेला भाग रॉबिन बस यांनी १९९६ साली परत आणला. मराठीतही एखाद्या वॉल्टरची गरज आहे, म्हणजे हस्तलिखितावरून नव्याने पाठ लावून तो लोकांना देऊन टाकणाऱ्याची. मोडी वाचणारी, निवृत्त झालेली, वेळ असलेली माणसे आपल्याकडे आहेत. त्यांना कोणी विचारत नाही.

जुन्या मराठी पुस्तकांच्या चित्रप्रतींचा सर्वांत मोठा साठा म्हणजे डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया. दहा लाख पुस्तकांच्या प्रकल्पातून या शतकाच्या सुरुवातीला तो उभा राहिला. बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था त्यात होती, अमेरिकेतले कार्नेगी मेलन विद्यापीठ होते. मूळ संकेतस्थळ काही वर्षांपूर्वी बंद पडले, पण कार्ल मालामूद यांच्या पुढाकाराने त्यातली पुस्तके आधीच इंटरनेट आर्काइव्हवर नेली गेली होती, म्हणून वाचली. त्या साठ्याचे उपकार मी विसरणार नाही. पुण्याला ऐंशी-नव्वद किलोमीटर जाऊन ग्रंथालयाच्या वेळेत पोहोचायचे आणि शेवटच्या एसटीने परतायचे, यातून माझ्यासारख्या पदवी नसलेल्या माणसाची सुटका झाली ती त्यामुळे. ग्रंथालयात ‘आपण कोणत्या विद्यापीठाचे?’ असे विचारतात. आर्काइव्ह विचारत नाही.

पण त्या साठ्यातली पुस्तके पूर्ण आहेत, असे गृहीत धरण्यात धोका आहे. चित्रे घेण्याचे काम नगावर चालत होते, म्हणजे जितकी पाने तितके पैसे. पाने उलटताना दोन एकदम उलटली जात. घडीचे नकाशे उलगडलेच जात नसत. शीर्षके रोमन लिपीत, ऐकू आली तशी नोंदलेली, म्हणून एकाच पुस्तकाची तीन-तीन स्पेलिंगे करून पाहावी लागतात. दोन भागांचे पुस्तक असेल तर पहिला भाग एका नावाने आणि दुसरा भलत्याच नावाने. आणि चित्रे शुद्ध काळ्या-पांढऱ्यात घेतलेली, करडी छटा नाही. त्यामुळे बारीक अनुस्वार आणि फिके रफार कागदाच्या डागांबरोबर पुसले गेले आहेत. १९६२च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या मराठीत अनुस्वार म्हणजे व्याकरणाचा अर्धा प्राण. ‘घरें’ आणि ‘घरे’, ‘तीं’ आणि ‘ती’ यांत फरक होता. नियम बदलल्यावर निघालेल्या पुनर्मुद्रणांत हे अनुस्वार प्रकाशकांनीच काढून टाकले. अशा आवृत्तीला पूर्ण म्हणायचे की नाही? वाचनासाठी मी पूर्ण म्हणेन. भाषेच्या इतिहासासाठी नाही म्हणेन. तुकोबांच्या गाथेच्या वेगवेगळ्या प्रतींत अभंगांची संख्या जुळत नाही, तिथे तर ‘पूर्ण’ या शब्दाचा अर्थच बदलतो. तो मोठा विषय आहे, आणि तुकोबांच्या गुरूंची, बाबाजी चैतन्यांची समाधी ओतूरलाच असल्याने त्यावर कधी तरी स्वतंत्र लिहायचे आहे.

मग पूर्ण आहे की नाही हे ओळखायचे कसे? माझा मुख्य आधार एका माणसाची हयातभराची मेहनत आहे. शंकर गणेश दाते यांनी ‘मराठी ग्रंथसूची’ तयार केली. तिचा १८०० ते १९३७ या काळाचा खंड १९४३ साली निघाला. त्या काळात छापल्या गेलेल्या हजारो मराठी पुस्तकांची नावे, लेखक, छपाईचे ठिकाण, साल, पाने, किंमत त्यात आहेत. हाती आलेल्या फाईलची पाने मोजायची आणि दात्यांच्या आकड्याशी ताडायची. चौदा-सोळा पाने कमी भरली, तर एक फर्मा गळाला असे समजावे. जुनी पुस्तके आठ किंवा सोळा पानांच्या फर्म्यांनी बांधलेली असत, त्यामुळे शिवण सुटली की फर्माच्या फर्मा जाई. दोनच पाने कमी असली, तर यंत्रावर घाईने उलटली असणार. शंभर पाने कमी, तर तो संक्षेप, मग मुखपृष्ठ काहीही म्हणो. प्रस्तावना नीट वाचावी. ‘सुबोध’, ‘कुमारांसाठी’, ‘आजच्या वाचकाला रुचेल असे’ हे शब्द आले, की पेन्सिल हातात घ्यावी. प्रस्तावनाच नसेल, तर जास्त सावध व्हावे.

टंकित ई-पुस्तकाला पृष्ठसंख्या नसते. तिथे दुसरा उपाय लागतो. मराठी विकिस्रोताची पद्धत मला त्यातल्या त्यात प्रामाणिक वाटते. डाव्या-उजव्या हाताला एकीकडे छापील पानाचे चित्र आणि दुसरीकडे टंकलेला मजकूर. कोणीही ताडून पाहावे. न तपासलेले पान लाल, एकाने तपासलेले पिवळे, दुसऱ्याने पुन्हा तपासलेले हिरवे. यंत्राने ओळखलेल्या देवनागरीत ‘घ’चा ‘ध’ होतो, ‘भ’चा ‘म’ होतो, ‘ख’चे ‘रव’ होतात. हे चित्र शेजारी असल्याशिवाय पकडता येत नाही. ‘धन’ आणि ‘घन’ दोन्ही शब्द बरोबरच असतात ना! बाकी बहुतेक ठिकाणची टंकित पुस्तके कोणत्या आवृत्तीवरून घेतली एवढेही सांगत नाहीत. साल नाही, आवृत्ती नाही, टंकणारा नाही. अशा मजकुराचा उतारा मी माझ्या लेखनात घेत नाही, मग तो कितीही सोयीचा असो.

राज्य मराठी विकास संस्थेने दुर्मीळ ग्रंथ संगणकावर आणण्याचे काम केले आहे, मोठ्या ग्रंथालयांनीही आपापल्या परीने केले आहे. त्यांतला सगळ्यांत अवघड भाग पुस्तकांचा नाही, वृत्तपत्रांचा आहे. ‘असूडा’चाच विचार करा. १८८३च्या ‘दीनबंधु’त छापलेली पहिली दोन प्रकरणे आणि आज ‘समग्र’मध्ये असलेली तीच दोन प्रकरणे शब्दशः सारखी आहेत का? लोखंड्यांनी छपाई थांबवली, पण जे छापले त्यात तरी एखादे वाक्य सौम्य केले होते का? हे ‘दीनबंधु’चे अंक समोर ठेवूनच ताडता येईल, आणि त्या पत्राच्या जुन्या अंकांची वानवा हा सत्यशोधक इतिहासाच्या प्रत्येक अभ्यासकाचा जुना रडगाणा विषय आहे.

इथे पुन्हा जुन्नर-ओतूरकडे यावे लागते. १८८०च्या दशकात या भागात सत्यशोधक चळवळ नुसती सभांपुरती नव्हती. ओतूरला ब्राह्मण पुरोहितावाचून लग्ने लागली आणि प्रकरण कोर्टात गेले. सावकार-जमीनदारांच्या विरोधात इथल्या कुळांनी शेते न कसण्याचा पवित्रा घेतला. अशी माणसे ‘असूड’ ऐकून गप्प घरी गेली असतील, असे मला वाटत नाही. कोणी नक्कल उतरवून घेतली असेल, कोणी ‘दीनबंधु’चे अंक बांधून ठेवले असतील. आमच्याकडे जुने कागद देवघराच्या फळीवर, धान्याच्या कणगीमागे, नाहीतर वाटणीच्या दस्तांच्या गाठोड्यात राहतात. जुनी घरे पाडून स्लॅबची होत आहेत, आणि ही गाठोडी पहिल्यांदा बाहेर येतात ती त्या दिवशी, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत.

म्हणून जुन्नर, आंबेगाव, खेड या तालुक्यांतल्या वाचकांना एक विनंती. घरात १९०० च्या आधीचे छापील किंवा हाताने लिहिलेले मराठी कागद असतील, तर ते कोणाला देऊ नका, विकू नका, लॅमिनेशन तर मुळीच करू नका. उन्हात न धरता, खिडकीजवळच्या उजेडात, फोनने प्रत्येक पानाचे वरून सरळ छायाचित्र घ्या. कोरी पाने, मलपृष्ठ, आतली जाहिरात आणि मागे कोणी लिहिलेला उसनवारीचा हिशेबसुद्धा सोडू नका, कारण कागद कोणत्या घरातून आणि कोणत्या साली आला हे पुष्कळदा त्या हिशेबावरूनच कळते. पहिल्या चित्रात शेजारी एक पट्टी ठेवा, म्हणजे आकार समजेल. फाटलेले पान सरळ करायला पाणी लावू नका. मोडी असेल तर वाचता येत नाही म्हणून मागे राहू नका. वाचणारे मिळतील. ‘असूडा’ची एखादी जुनी नक्कल निघाली, तर तिच्यात प्रकरणे किती आहेत, तेवढे आधी मोजून कळवा.